उंबऱ्यावरचं गूळपाणी

शाळेतल्या नव्या ग्रंथालयाचं दार सकाळपेक्षा अरुंद झालेलं पाहून वास्तुरचनाकार मृण्मयी चपापली. तिच्या जिवंत विटा साखरेच्या पाकावर वाढत आणि फटी आपणच बुजवत. भिंती पूर्ण झाल्यावर तिने त्यांना पाक देणं बंद केलं होतं.

"सर, विटांना कुणी गोड घातलं का?"

मुख्याध्यापक टिपणीस कौतुकाने हसले. "नव्या वास्तूला उपाशी कसं ठेवायचं, मॅडम? मुलांनी उंबऱ्यापासून खिडक्यांपर्यंत गूळपाणी शिंपडलं."

"मुलं कुठं आहेत?"

"आतच. वाचताहेत."

मृण्मयी धावली. दाराच्या फटीत आता तिचा हातच जेमतेम शिरला. आतून चिमुकल्या बोटांनी तो घट्ट धरला.

"बाई, खिडकी कुठं गेली?"

तिच्या मनगटाभोवती कोमट वीट हळूहळू आवळत होती.