जिथं ओळखीचं कोणी येत नाही

“लॉज नको,” अमर म्हणाला, तशी त्याच्या बायकोने, अर्पिताने, मोबाईल मांडीवर पालथा घातला.

“आता काय झालं? एसी आहे, हायवेला आहे, तिथून जंगल जवळ आहे.”

“पांढरकवड्यात आहे ना तो. आत्याच्या गल्लीतला पोट्टा तिथं काउंटरवर बसते. आपली बॅग खोलीत जायच्या आत तिला कळेल.”

कोकिळाआत्या पांढरकवड्यात एकटी राहायची. अमरची आई लवकर गेली, त्याला लहानाचा मोठा केला तो या आत्यानेच. तिच्या गावात येऊन लॉजवर उतरायचं म्हणजे तिचं नाक कापायचं. बापूजीकाका एकदा लग्नाला आले आणि लॉजवर उतरले. आत्याने त्यांना भर मांडवात पाणी विचारलं नाही, आणि तेव्हापासून बोलणं बंद ते आजतागायत बंद.

मग सरळ आत्याकडेच उतरावं, तर तिथेच घोडं पेंड खात होतं.

दर उन्हाळ्यात ते तिच्याकडे जात. आत्या आपला पलंग त्यांना देई आणि स्वतः फरशीवर निजे. पहाटेपासून पुरण, वडे, रोडगे. तिला बसलेली कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्यानेच चार घास खायची. मागच्या वर्षी तर अमरने ‘सुट्टी नाही’ म्हणून कळवलं आणि गंमत म्हणून अचानक दारात जाऊन उभा राहिला. आत्या हसली, पदर खोचला आणि चुलीला लागली. ते नागपूरला परतल्यावर शेजारच्या वच्छलाबाईंचा फोन आला, “तुमी गेले अन् इचे गुडघे सुजले. उठता येऊन नाही राह्यलं तिले.”

अमरला ते फार लागलं होतं. यंदा तिला त्रास द्यायचा नाही, हे त्याने ठरवून टाकलं. पण ‘तुला त्रास होतो’ असं आत्याला सांगायची कुणाची छाती होती? म्हणून पुन्हा सुट्टीचीच थाप.

बरं, टिपेश्वर अभयारण्यातला वाघ पाहायचा अर्पिताचा हट्ट जुना होता. इतकी वर्षं त्या गावाला जाऊन तिने वाघाची शेपटी पाहिली नव्हती. आत्याने पाटावरून उठू दिलं तर ना!

“गेटजवळचं रिसॉर्ट?” अर्पिताने विचारलं.

“सगळे जिप्सीवाले पांढरकवड्याचे. मला लहानपणापासून ओळखतात.”

“मग तंबू?”

“मे महिन्यात? भरीत होईल आपलं.”

शेवटी झरी जामणीकडच्या एका खेड्यात जागा सापडली. उकंडा आणि मानीबाई हे कोलाम आदिवासी जोडपं आपल्या अंगणातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत होतं. जंगल थोडं लांब पडणार होतं, पण अमरला तेच हवं होतं. त्याने फोनवर उकंडाला पहिला प्रश्न विचारला, “पांढरकवड्याचं कोणी तिकडं येतं का?”

उकंडा हसला. “इथं कायले कोन येते, साहेब? जो येते तो हेच इचारते.”

निघायच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला.

“यंदा नक्की नाही येत, बापा?”

“नक्की नाही, आत्या.”

“मांगच्या साली बी असंच म्हणलता.”

तिचा आवाज इतका केविलवाणा होता की अमरला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्यात शिरताना त्याने टोपी भुवयांपर्यंत ओढली. आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्याने हळूच वाकून पाहिलं. लांबून दार बंद दिसलं. उन्हाची झोपली असेल बिचारी, एकटी. त्याला गाडीतून उतरून पळत जावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. आत्याच. चोराच्या मनात चांदणं. अमरने गाडी एकदम पुढे काढली आणि गाव मागे पडल्यावर फोन लावला.

“कुठं हायेस रे?”

“ऑफिसात. तू?”

“मी कुठं जातो, बापा? घरीच.” ती जरा थांबली. “नागपूरलेच हायेस ना? मंग बरं.”

“तिला संशय आलाय,” अमर अर्पिताला म्हणाला. पुढचा सगळा रस्ता तो आरशात मागची वाहनं पाहत होता.

जागा मात्र झकास निघाली. शेणाने सारवलेलं अंगण, मोहाची गार सावली, माठातलं पाणी. बाजूच्या खोलीतही पाहुणे होते, पण दार लोटलेलं होतं. ऊन उतरलं तशी अमरने टोपीही उतरवली.

“जेवाले या,” मानीबाईने हाक मारली.

ते दोघं बाहेर आले आणि अमर उंबऱ्यातच थिजला.

अंगणात खाटेवर वच्छलाबाई बसल्या होत्या. आणि त्यांच्या शेजारी, पाठमोरी, कोकिळाआत्या.

सगळं संपलं. तिला कळलं होतं. सुजलेल्या गुडघ्यांनी ती इथवर त्यांना धरायला आली होती. बापूजीकाकांसारखं आता आपलंही नाव ती टाकणार. ज्या बाईने घास भरवला तिला आपण फसवलं, या विचाराने अमरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सरळ जाऊन तिच्या पायाशी बसला.

पाय गार पाण्याच्या घमेल्यात होते.

“आत्या, चुकलो. माफ कर मले.”

आत्या दचकली. डोळ्यांवरचा काळा गॉगल तिने घाईघाईने काढला. मांडीवर मानीबाईने वाढलेलं गरम ताट होतं, ते हिंदकळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुले कोनं सांगतलं मी इथं हाओ म्हणून?” ती रडवेली होऊन म्हणाली. “मांगच्या साली नाही म्हणलास अन् दारात येऊन उभा राह्यलास. यंदा तुह्याच भेवानं घराले कुलूप लावून पळाली रे मी!”