रेकॉर्डर भरला

ग्लेनिसच्या टीव्हीखालचा रेकॉर्डर रोज आपणहून कार्यक्रम साठवत असे: सकाळी बागकाम, दुपारी जुन्या वस्तूंचा लिलाव, संध्याकाळी प्रश्नमंजूषा आणि मग तासन् तास स्नूकर. ही सोय तिच्या नवऱ्याने, एम्रिसने, लावून ठेवली होती आणि एम्रिसला जाऊन आठ महिने झाले होते. रेकॉर्डर शिगोशीग भरला तेव्हा मुलगी कॅरिस रिमोट घेऊन बसली.

“आई, स्नूकर लागलं की तू भांडी आपटायचीस. उडवू का हे सगळं? तुझ्या मालिकांना जागा होईल.”

“चहा निवतोय तुझा. तो पी आधी.”

कॅरिसने यादी शेवटपर्यंत सरकवली. “पण तुझ्या मालिका आहेत कुठे गं?”

 

“उडवल्या मी. बाबांच्या स्नूकरला जागा पुरेना.”