मांडीखालचे हात

खिडकीतून ऋचाला रूपीचे हात दिसत नव्हते, म्हणून तिच्या जिवात जीव आला.

तिनेच तसं सांगितलं होतं. काल वर्गात तिन्ही कर्णबधिर मुलांना समोर बसवून तिने खुणांनी पुन्हापुन्हा बजावलं होतं: पेपर वाचताना हात मांडीखाली. लिहायचं असेल तेव्हाच एक बाहेर. काही झालं तरी बोटं हलवायची नाहीत. कारण गेल्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत दीपकची बोटं हलली होती. बिचारा उतारा वाचत होता, दुसरं काही नाही; पण सुपरवायझरला वाटलं, पलीकडच्या बाकाला खुणा करतोय. कॉपी केस झाली. दीपक आता हायवेवर पंक्चर काढतो आणि कॉलेजचा विषय निघाला की तोंड फिरवतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ऋचा तर हल्ली पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती.

आज सुपरवायझर होते डहाणूचे राऊत सर. कडक माणूस. त्यांच्या हॉलमध्ये खाली पडलेलं पेन उचलायलाही परवानगी लागते. मराठीचा पेपर, आणि ऋचा त्याच विषयाची शिक्षिका, त्यामुळे तिला आत जायला बंदी. ती व्हरांड्यात ताटकळत होती. बाहेर चिंचेखाली रूपीचा बाप रघ्या डबा घेऊन बसला होता. कासा गावापलीकडच्या पाड्यावरून लेकीला जीपने घेऊन आला होता. आल्या आल्याच त्याने सांगून टाकलं होतं.

"म्याडम, या टायमाला नाय झाली पास, तं वाडीवर लावीन तिला. आईसंगं चिकू उतरवील. एकदा झाली नापास, आता पुन्हा नाय."

रघ्या काही दुष्ट नव्हता. ऐकू न येणारी मुलगी परक्या गावात एकटी कशी निभावणार, याची त्याला धास्ती होती. वाडीत निदान आई जवळ असते. ऋचाला त्याचं म्हणणं कळत होतं, म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

अर्धा तास गेला. रूपीच्या पेनाचं टोपण अजून निघालं नव्हतं.

ऋचाला आधी वाटलं, पेपर अवघड असेल. मग तिने नीट पाहिलं. रूपीचे डोळे ओळीच्या शेवटापर्यंत जायचे आणि परत सुरुवातीला यायचे. पुन्हा शेवट, पुन्हा सुरुवात. खांदे आखडले होते. मांडीखालचे हात बाहेर यायला धडपडत होते आणि ती त्यांना अंगाच्या भाराने दाबून धरत होती. मागच्या बाकांवर भिकी आणि प्रवीण या दोघांचीही तीच गत.

मग ऋचाला उमगलं. ही मुलं हातांनी वाचतात. तिनेच तर तसं शिकवलं होतं. छापलेलं वाक्य आधी हातांवर घ्यायचं, खुणांमध्ये करून बघायचं, मग अर्थ लागतो, आणि मग तो कागदावर उतरतो. आणि ऐन परीक्षेत तिनेच त्यांचे हात बांधून ठेवले होते. बोल कुणाला लावणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हाक मारून उपयोग नव्हता. खूण करावी, तर पकडलं गेल्यावर मुलांचा पेपर जाणार आणि तिची कंत्राटी नोकरीही. हॉलच्या ट्यूबलाइटचं बटण दाराशेजारी, व्हरांड्यातच होतं. तिने ते बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

तलासरीत विजेच्या येण्याजाण्याचं कुणाला कौतुक नसतं. हॉलमध्ये कुणी मान वर केली नाही. फक्त तिघांनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या वर्गात बाई अशीच हाक मारतात.

ऋचाने दोन्ही हात वर उचलले आणि खूण केली. हात मोकळे करा. वाचा.

तीन बाकांवर हात बाहेर आले आणि चालू लागले. राऊत सरांनी ते पाहिलं, आणि दारातले ऋचाचे वर उचललेले हातही.

"काय सांगितलंत त्यांना?" सर दाराशी आले. "उत्तर?"

"वाचा म्हटलं, सर. ती हातांनी वाचतात."

"हातांनी कोण वाचतं?"

सरांनी कॉपी केसचा कागद काढला आणि तरातरा रूपीच्या बाकापाशी गेले. तिची प्रश्नपत्रिका उचलून, खूण कुठल्या उत्तराची होती हे शोधायला ते उतारा वाचू लागले. उतारा मिठागरावरचा होता, वाक्यं लांबलचक. सर पुटपुटत वाचत होते. रूपी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ऋचाने दाराची चौकट घट्ट धरली.

रूपीने हळूच बोट उचललं आणि सरांच्या ओठांकडे दाखवलं. मग स्वतःचे दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले.

सर थांबले. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि तीच ओळ वाचायला घेतली. ती मध्येच निसटली. पुन्हा पहिल्यापासून घेतली. या खेपेला ओठ आपसूक हलले.

बाकीची मुलं पेन थांबवून बघत होती. सरांनी प्रश्नपत्रिका रूपीपुढे परत ठेवली. हातातल्या कागदाची घडी करून ती खिशात टाकली आणि ते ऋचाकडे वळले. चेहरा तसाच कडक.

"मघापासून मांडीखाली हात होते यांचे. कुणी सांगितलं होतं?"

ऋचाची मान खाली गेली. "मी, सर."

"परीक्षेत हात दिसायला पाहिजेत, मॅडम," राऊत सर म्हणाले. "हा पहिला नियम आहे."