नितळ पाणी

“पावसाळ्यात अंदमानला? समुद्र गढूळ असतो साहेब, प्रवाळं दिसणार नाहीत. जानेवारीत जा,” ट्रॅव्हल एजंट म्हणाला. दिगंबरने तरीही ऑगस्टची तिकिटं काढली. त्याच्या बायकोची, कुंदाची, नजर दिवाळीपर्यंतही टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. समुद्राखालचे रंग तिला त्याआधी पाहायचे होते.

तिथे पोचल्यापासून पावसामुळे बोटी बंदच राहिल्या. निघायच्या आदल्या दिवशी मात्र लख्ख ऊन पडलं. काचेच्या तळाच्या बोटीत ते दोघं आणि नावाडी, एवढेच होते. कुंदा गुडघे टेकून काचेवर वाकली. खाली पाणी अगदी नितळ होतं. जांभळी प्रवाळं आणि त्यांच्यामधून सुळकन जाणारे निळे मासे दिगंबरला स्पष्ट दिसत होते.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, “पाणी गढूळच आहे ना हो?”

दिगंबरने काचेखालून जाणाऱ्या निळ्या माशांकडे पाहिलं.

“हो. काहीच दिसत नाहीये,” तो म्हणाला.

“वाटलंच मला. आपण जानेवारीत परत येऊ.” तिचा चेहरा एकदम हलका झाला.

“येऊ,” म्हणत त्याने तिचा हात धरून तिला उठवलं आणि नावाड्याला बोट किनाऱ्याकडे वळवायला सांगितली.