आवाजाची गॅरंटी

नेटवर्क इंजिनिअर जावई सकाळपासून घरच्या राउटरशी खटपट करत होता. "आता व्हिडिओ कॉलवर चित्र अडकलं तरी आवाज तुटणार नाही. माझी गॅरंटी!" त्याने बायकोला छाती फुगवून सांगितलं. तेवढ्यात सासूबाईंचा बसस्थानकावरून व्हिडिओ कॉल आला. त्यांना आणायला जायचं तो विसरलाच होता. सासूबाई जन्मापासून बहिऱ्या होत्या, हातांनी बोलायच्या. त्या फलाटाचा आकडा सांगत असतानाच चित्र थिजलं, बोटं हवेतच राहिली. बसचे हॉर्न मात्र खणखणीत ऐकू आले. "आवाजाचं काय लोणचं घालू?" बायको कडाडली. जावयाने घाईघाईने राउटरमधला नियम फिरवला: आधी चित्र, मग आवाज. पडदा लख्ख झाला. सासूबाईंनी फलाट सांगून दहाही बोटांनी जावयाला फैलावर घेतलं; एकही खूण अडकली नाही. "काय म्हणतेय, सांगू?" बायकोने विचारलं. "नको, पोचलं सगळं," म्हणत त्याने गाडीची किल्ली उचलली.