बरणीतला बेडूक

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण विद्यापीठाच्या भर सत्कारात बेडकाने उडी मारली होती," चहाला आलेल्या शेजाऱ्यांना मी सांगू लागलो. "आंबोलीच्या ओढ्यात तो मला सापडला. जात नवी निघाली, पण तिला नाव मिळालं आमच्या गाईडचं, खासनीस सरांचं. सत्कारही त्यांचाच. कुलगुरू शाल घालणार, एवढ्यात टेबलावरच्या बरणीचं झाकण उडालं आणि बेडूक चार रांगा ओलांडून थेट माझ्या मांडीवर. सरांनी शाल आणून माझ्याच खांद्यावर घातली."

शेजारी हसले. बायको चहा घेऊन बाहेर आली.

"अहो, बेडूक मेलेला होता, स्पिरिटमध्ये," ती म्हणाली. "आणि बोलावणं येईल म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही दिवसभर इथेच बसला होतात."