घरचीच उदाहरणं

गोव्यातल्या मये गावच्या तेजस्विनीला लेकीची धास्ती लागली होती. सहावीची प्रवेश परीक्षा तोंडावर आली, तरी गौरवीच्या डोक्यात इंग्रजी विशेषणांचे समानार्थी शब्द काही टिकत नव्हते. शेवटी आईने एकेका शब्दाला घरचंच माणूस चिकटवून दिलं. 'अँग्री', 'फ्युरिअस' म्हणजे पप्पा. 'लेझी', 'आयडल' म्हणजे काका, दुपारी आडवा झाला की दिवेलागणीलाच उठणारा. 'स्टबर्न', 'ऑब्स्टिनेट' म्हणजे आजी. आणि 'स्टिंजी' म्हणजे आत्या, गणपतीत चवथीला येताना साधा नारळही न आणणारी. गौरवी पोट धरून हसली आणि शब्द घडाघडा म्हणायला लागली.

परीक्षा संपवून ती डिचोलीच्या केंद्राबाहेर आली, तशी तेजस्विनी धावतच पुढे झाली.

"जमलें गो?"

"सगळे आयले. एकूच सोडलो. 'कंटेंटेड'."

"अगो, तो तर सोपो! 'सॅटिस्फाईड', म्हणजे समाधानी. मगीर सोडलो कित्याक?"

 

"सगळ्यांक याद करून पळयलें गे आई," गौरवी म्हणाली, "पण आमच्या घरात तसलें कोणच मेळलें ना."